क्षयरोग संशोधन व प्रशिक्षण : भारतातील आंतरसंस्थात्मक सहकार्य

क्षयरोगाच्या उपचारपद्धतींचे संशोधन आणि त्या पद्धती प्रत्यक्षात राबविणाऱ्या सेवकवर्गाचे प्रशिक्षण या दोन कार्यांसाठी केंद्र शासन, राज्य शासने, भारतीय वैद्यक संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना व काही परदेशी शासकीय संस्था १९५५ नंतरच्या दशकांत एकत्र आल्या. मद्रास (आताचे चेन्नई) येथील क्षयरोग रासायनी चिकित्सा केंद्र (१९५६) आणि बंगलोर (आताचे बंगळुरू) येथील राष्ट्रीय क्षयरोग संस्था (१९५९) ही या सहकार्याची दोन प्रमुख फळे होत. त्यांच्या निष्कर्षांमुळे केवळ भारतातीलच नव्हे, तर जगातील अनेक देशांतील क्षयरोगोपचाराची दिशा बदलली.

पार्श्वभूमी : रोगकारक जंतूवर नेमका परिणाम करणारी औषधे उपलब्ध होण्यापूर्वी विश्रांती, मोकळी हवा व सकस आहार हाच क्षयरोगावरील मुख्य उपचार समजला जाई [→ क्षयरोग]. त्यासाठी आरोग्यधामे स्थापन झाली. आंध्र प्रदेशातील मदनपल्लीजवळचे आरोग्यवरम् येथील आरोग्यधाम (१९१५) हे त्यांपैकी एक होय. परंतु रोग्यांच्या संख्येच्या मानाने ही सोय अत्यंत तोकडी होती. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात देशातील क्षयरोग्यांची संख्या सु. २५ लाख आणि वार्षिक मृत्यू सु. ५ लाख असल्याचा अंदाज दिला असून त्यांच्यासाठी उपलब्ध खाटा सु. ६,००० च होत्या. म्हणजे सु. चारशे रोग्यांमागे एक खाट, असे हे प्रमाण होते.

स्ट्रेप्टोमायसीन, पॅरा-ॲमिनोसॅलिसिलिक अम्ल (पॅस) व आयसोनियाझिड या औषधांचा १९४४ ते १९५२ या काळात शोध लागला वा त्यांचे गुण लक्षात आले. ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषदेने स्ट्रेप्टोमायसिनाची १०७ रोग्यांवर घेतलेली चाचणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. कोणत्या रोग्याला कोणता उपचार द्यावयाचा हे वैद्याच्या निवडीवर न सोडता यदृच्छ पद्धतीने ठरविणे, हे या चाचणीचे वैशिष्ट्य होते. दोन वा अधिक औषधे एकत्र दिल्यास जंतूंमधील औषधप्रतिकार टाळता येतो, हेही लवकरच स्पष्ट झाले.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९५५–५८ मध्ये केलेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात फुप्फुसांत क्रियाशील रोगाची क्ष-किरण लक्षणे असलेल्यांचे प्रमाण दर हजारी सु. १३ ते २५ आणि थुंकीत जंतू असलेल्यांचे सु. २ ते ८ आढळले. क्षय हा शहरांचा रोग होय, ही रूढ समजूत या सर्वेक्षणाने खोटी ठरविली, कारण खेड्यांतील प्रमाणही शहरांच्या जवळपास तेवढेच होते. इतक्या रोग्यांसाठी आरोग्यधामे बांधणे कोणत्याही शासनाच्या आवाक्याबाहेरचे होते. रोग्याला घरीच ठेवून औषधे दिल्यास तो बरा होईल काय व घरातील इतरांना त्यापासून धोका पोहोचेल काय, या दोन प्रश्नांच्या उत्तरावर लाखो रोग्यांचे भवितव्य अवलंबून होते.

मद्रास येथील केंद्र : या प्रश्नांचा उलगडा करण्यासाठी भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास राज्य शासन, जागतिक आरोग्य संघटना व ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषद यांच्या संयुक्त विद्यमाने १९५६ मध्ये पाच वर्षांसाठी हे केंद्र स्थापन झाले. वॉलेस फॉक्स हे ब्रिटिश वैद्य केंद्राचे पहिले प्रमुख होत. चाचण्यांची आखणी करण्याचा ब्रिटिश परिषदेचा अनुभव आणि भारतीय वैद्य, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ व आरोग्य निरीक्षक यांचा स्थानिक लोकजीवनाशी असलेला परिचय यांचा येथे संयोग झाला.

पहिल्या चाचणीत १९३ रोग्यांची यदृच्छ पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटावर आरोग्यधामात व दुसऱ्यावर घरी, परंतु दोहोंवर आयसोनियाझिड व पॅस यांनीच एक वर्ष उपचार करण्यात आले. घरी राहणारे रोगी बहुतांशी दाटीवाटीच्या वस्त्यांतील व गरीब होते. त्यांचा आहार निकृष्ट होता आणि पुष्कळांना विश्रांती परवडत नव्हती. ते औषध खरोखर घेतात की नाही हे पाहण्यासाठी पूर्वसूचना न देता घरी जाऊन उरलेली औषधे मोजणे, लघवीची तपासणी करणे आणि रोग्याची व कुटुंबियांची वारंवार समजूत घालणे, अशी पद्धत अवलंबिली होती.

या चाचणीचे निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षअखेर आरोग्यधामातील ९२ टक्के व घरच्या गटातील ८६ टक्के रोग्यांचा रोग शमलेला आढळला. पाच वर्षांच्या पाठपुराव्यानंतर तर दोन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नाही. घरी उपचार घेणाऱ्यांच्या सहवासातील व्यक्तींमध्येही रोगाचे प्रमाण अधिक आढळले नाही. उपचार सुरू होण्यापूर्वीच त्यांना संसर्ग पोहोचलेला असतो व औषधे सुरू होताच रोग्याची संसर्गक्षमता झपाट्याने घटते, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. आहार व विश्रांती यांपेक्षा योग्य औषधे पुरेसा काळ नियमितपणे घेणे निर्णायक होय, हे यावरून सिद्ध झाले. पुढील काळात अनेक देशांतील आरोग्यधामे बंद होण्यामागे या निष्कर्षांचा मोठा वाटा होता.

अनियमितपणा ही गृहोपचाराची मोठी अडचण होती. तीवर उपाय म्हणून केंद्राने स्ट्रेप्टोमायसीन व आयसोनियाझिड यांची मोठी मात्रा आठवड्यातून दोनदाच, पण सेवकाच्या समक्ष देण्याची पद्धत तपासली. ती रोज स्वतः घ्यावयाच्या औषधांच्या तुलनेत कमी परिणामकारक नाही, असे १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात दिसून आले. त्याच वर्षी हे केंद्र भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची कायम संस्था बनले. १९७८ मध्ये त्याचे नाव क्षयरोग संशोधन केंद्र व २०११ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था असे झाले.

बंगलोर येथील संस्था : गृहोपचार शक्य असल्याचे दिसून आल्यावर तो खेडोपाडी पोहोचविणारी यंत्रणा उभारणे आवश्यक झाले. त्यासाठी भारत सरकारने म्हैसूर राज्य शासन, जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्रांचा बालक निधी (युनिसेफ) यांच्या साहाय्याने १९५९ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन केली. हाल्फडान मालर (पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक, १९७३–८८) हे जागतिक संघटनेतर्फे येथे काम करणाऱ्यांपैकी एक होत. वैद्यांबरोबरच समाजशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ व साथरोगतज्ज्ञ यांना एकत्र आणणे हे या संस्थेचे वैशिष्ट्य होय.

देबाबर बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत केलेला अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रामीण रोगी अज्ञानामुळे दवाखान्याकडे फिरकत नाहीत, अशी प्रशासनाची समजूत होती. प्रत्यक्षात बहुतेक रोग्यांना आपल्या लक्षणांची जाणीव असून सु. निम्मे रोगी औषधोपचारासाठी दवाखान्यात जाऊनही आले होते. तेथे त्यांची थुंकी न तपासता त्यांना खोकल्याचे औषध देऊन परत पाठविले जाई. दोष रोग्याचा नसून सेवेचा आहे, हा या अभ्यासाचा निष्कर्ष होता. खर्चिक शोधमोहिमांऐवजी खोकल्यासाठी आपण होऊन येणाऱ्यांची सूक्ष्मदर्शकाने थुंकी तपासणे आणि क्षयरोगसेवा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन करणे, या तत्त्वांवर १९६२ पासून जिल्हा क्षयरोग कार्यक्रम उभा राहिला. त्यासाठी जिल्हा क्षयरोग अधिकारी, प्रयोगशाळा व क्ष-किरण तंत्रज्ञ, उपचार संघटक, बीसीजी पथकप्रमुख व सांख्यिकी साहाय्यक यांच्या संपूर्ण पथकाला संस्थेत एकत्रितपणे शिक्षण देण्यात येई. वाहने व क्ष-किरण उपकरणे पुरविण्यात बालक निधीचे मोठे साहाय्य झाले.

बीसीजी चाचणी : बीसीजी लशीच्या उपयुक्ततेविषयी निरनिराळ्या देशांतील निष्कर्ष परस्परविरोधी होते. म्हणून भारतीय वैद्यक संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना व अमेरिकेची सार्वजनिक आरोग्य सेवा यांनी १९६८ मध्ये तमिळनाडूतील चिंगलपुट जिल्ह्यात मोठी चाचणी सुरू केली. तीत सु. ३ लाख ६० हजार लोकांची नोंद झाली. या लशीमुळे फुप्फुसांच्या संसर्गजन्य क्षयापासून संरक्षण मिळत नसल्याचे १९७९ मधील पहिल्या अहवालात दिसून आले व १५ वर्षांच्या पाठपुराव्याने त्यास दुजोरा मिळाला (१९९९). हा निष्कर्ष सहभागी संस्थांच्या अपेक्षांविरुद्ध जाणारा असूनही तो प्रसिद्ध करण्यात आला. बालकांतील क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथासारख्या तीव्र प्रकारांपासून लस संरक्षण देते, असे अन्य अभ्यासांत आढळल्याने लसीकरण मात्र चालू राहिले.

मूल्यमापन : संशोधन केंद्रातील यश जिल्ह्याजिल्ह्यांत त्याच प्रमाणात उतरले नाही. मद्रासमध्ये गृहोपचार यशस्वी झाला तो मोफत औषधे, घरभेटी व सततचा पाठपुरावा यांच्या बळावर. सर्वसाधारण आरोग्य केंद्रांत औषधांचा पुरवठा अनियमित, सूक्ष्मदर्शक निकामी व प्रशिक्षित सेवकांची पदे रिकामी, अशी स्थिती अनेक ठिकाणी होती. भारत सरकार व जागतिक आरोग्य संघटना यांनी स्वीडिश आंतरराष्ट्रीय विकास संस्थेसह १९९२ मध्ये घेतलेल्या आढाव्यात उपचार पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण असमाधानकारक ठरले. त्यातून १९९३ मध्ये प्रायोगिक व १९९७ पासून विस्तृत स्वरूपात सुधारित राष्ट्रीय कार्यक्रम राबविण्यात आला. २००६ पर्यंत तो देशभर पोहोचला. १९६४ च्या अहवालातील समक्ष औषध देण्याचे तत्त्व त्याच्या केंद्रस्थानी होते. म्हणजे मद्रासमध्ये सिद्ध झालेल्या गोष्टीला सार्वत्रिक होण्यास तीन दशकांहून अधिक काळ लागला. आंतरायिक मात्रांऐवजी २०१७ पासून दैनिक मात्रा देण्यास सुरुवात झाली आणि २०२० मध्ये कार्यक्रमाला राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम असे नाव देण्यात आले.

या सहकार्यात औषधांचा नवा शोध लागला नाही. उपलब्ध औषधे गरीब देशाला परवडतील अशा रीतीने कशी वापरावीत, या प्रश्नाचे उत्तर मिळाले. परदेशी संस्थांचे साहाय्य ठराविक मुदतीचे असले, तरी त्या काळात तयार झालेले भारतीय संशोधक व प्रशिक्षक यांच्या हाती दोन्ही संस्थांचे काम पुढे अखंड चालू राहिले.