खेचरांची वाट

४ जुलै १८२८ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीच्या काठी हातात फावडं घेऊन उभे होते. चेसापीक अँड ओहायो कालव्याचा मुहूर्त त्यांच्या हातून व्हायचा होता. पहिला घाव मातीत न बसता झाडाच्या मुळावर बसला. पुढचाही तिथेच अडला. शेवटी ॲडम्स यांनी अंगातला कोट काढला, नेटाने फावडं मारलं आणि मातीचं ढेकूळ वर आलं, तेव्हा जमलेल्या गर्दीने एकच जल्लोष केला. त्याच दिवशी बाल्टिमोर शहरात दुसरा मुहूर्त चालू होता. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी एकटेच हयात राहिलेले वयोवृद्ध चार्ल्स कॅरल यांनी तिथे बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा पहिला दगड बसवला. कालवा आणि रेल्वे, दोघांनाही ॲपलेशियन डोंगर ओलांडून ओहायो नदी गाठायची होती.

ओहायो नदी जिथे सुरू होते त्या पिट्सबर्गपर्यंत वॉशिंग्टनहून आज सायकलने जाता येतं. अंतर सुमारे ५३५ किलोमीटर. जवळजवळ सगळी वाट मोटारींपासून मुक्त, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला जंगल. बहुतेक ठिकाणी चाकाखाली डांबर नाही. आधी माती आणि खडी, पुढे चुनखडीचा दाबून बसवलेला बारीक चुरा. कंबरलँड गावापर्यंतचा सुमारे २९७ किलोमीटरचा पल्ला कालव्याने मागे ठेवलेला, तिथून पुढचा सुमारे २४० किलोमीटरचा रेल्वेने.

कालव्यातल्या होड्या खेचरं ओढत. त्यांच्यासाठी पाण्याला लागूनच एक सपाट वाट बांधलेली होती. लांब दोराचं एक टोक होडीला आणि दुसरं खेचरांच्या जुंपणीला. खेचरांच्या दोन पाळ्या असत. एक पाळी सहा-सहा तास ओढे आणि दुसरी तेवढा वेळ होडीच्या नाळेजवळच्या तबेल्यात उभी राही. होडीत सव्वाशे टनांपर्यंत कोळसा मावे. बरीच कुटुंबं होडीतच संसार करत आणि घरातली पोरं खेचरांबरोबर कोसन्‌कोस चालत. कंबरलँडपासून वॉशिंग्टनपर्यंत कालवा ६०५ फूट खाली उतरतो. हा उतार ७४ लॉकमध्ये वाटून दिलेला आहे. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. होडी आत घ्यायची, दरवाजे लावायचे, पाणी सोडून तिला आठेक फूट खाली उतरवायचं आणि पुढचे दरवाजे उघडायचे. लॉकची रुंदी १५ फूट, होडीची साडेचौदा. दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम वीतभर जागा, आणि रात्रीच्या अंधारातही होडी त्यातूनच न्यायची.

या सगळ्या बांधकामात पॉ पॉ बोगद्याइतकं जिवावर कुणी आलं नाही. पॉ पॉ हे तिथल्या रानात वाढणाऱ्या फळझाडाचं नाव. आपल्या सीताफळाच्याच कुळातलं ते झाड. नदीची वेडीवाकडी वळणं टाळायची म्हणून १८३६मध्ये ३,११८ फूट लांबीचा बोगदा डोंगरातून खोदायला घेतला. दोन वर्षांत होईल असा हिशोब होता, लागली चौदा. ठिसूळ खडक, संपलेला पैसा, थकलेली मजुरी, मजुरांतल्या मारामाऱ्या, सगळं काही या बोगद्याने पाहिलं. १८५०मध्ये कालवा कंबरलँडला पोहोचला तेव्हा रेल्वे तिथे येऊन आठ वर्षं झाली होती. ओहायो नदी अजून डोंगरापलीकडे होती आणि कंपनीची तिजोरी रिकामी. कालवा तिथेच थांबला.

तरीही तो पाऊणशे वर्षं चालला. १८७५च्या हंगामात साडेनऊ लाख टनांहून अधिक माल या पाण्यावरून गेला. मग १८८९चा महापूर आला, कंपनी बुडाली आणि कारभार ज्या रेल्वेशी शर्यत लावली होती तिच्याच हाती गेला. १९२४च्या पुरानंतर होड्या कायमच्या थांबल्या. १९३८मध्ये केंद्र सरकारने २० लाख डॉलरना सगळा पट्टा विकत घेतला.

इथे या वाटेचं नशीब पुन्हा पालटलं असतं. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींचा जमाना आला आणि कालव्याच्या जागेवरून मोटारींसाठी रम्य रस्ता न्यावा अशी योजना पुढे आली. जानेवारी १९५४मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अग्रलेखातून तिला पाठिंबा दिला. तो वाचून सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना पत्र पाठवलं: माझ्याबरोबर या वाटेने पूर्ण चालून या, मग ठरवा. संपादकांनी आव्हान स्वीकारलं. २० मार्चला कंबरलँडहून पन्नासेक माणसं निघाली. पायांना फोड आले, एकेक जण गळत गेला. आठव्या दिवशी वॉशिंग्टन आलं तेव्हा अख्खी वाट पायी तुडवणारे नऊ उरले होते. पंचावन्न वर्षांचे डग्लस त्यांत होते. वर्तमानपत्राने आपली भूमिका बदलली. आपलं मत चुकलं असेल तर स्वतः चालून ते तपासायचं आणि मग छापून बदलायचं, हे तेव्हाही सोपं नव्हतं. १९६१मध्ये कालव्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि ८ जानेवारी १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सहीने तो राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला.

कंबरलँडपलीकडची गोष्ट लोखंडाची आहे. वेस्टर्न मेरीलँड रेल्वेने १९१२मध्ये कंबरलँड ते कॉनल्सविल असा मार्ग डोंगरातून काढला. बिग सॅव्हेज डोंगराखाली ३,२९४ फुटांचा बोगदा, कॅसलमन नदीच्या खोऱ्यावर १,९०८ फूट लांबीचा सॉल्झबरी पूल. रेल्वेचं कसब इथे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. १९७५मध्ये हा मार्ग बंद पडला. आता रूळ उखडून लोखंड विकलं जाणार आणि जमिनीचे तुकडे पडणार हे दिसत होतं. तेव्हा वेस्टर्न पेनसिल्व्हेनिया कॉन्झर्व्हन्सी या निसर्गरक्षण संस्थेने १९७८मध्ये ओहायोपाइल भागातला पट्टा विकत घेऊन ठेवला. सगळ्या कामाची गुरुकिल्ली त्या खरेदीत आहे. १९८६मध्ये यॉक्योगेनी नदीकाठचा पहिला १४-१५ किलोमीटरचा टप्पा सायकलींना खुला झाला. नंतर एकेक पूल, एकेक गाव जोडत काम पुढे सरकलं. २००६च्या अखेरीस वाट कंबरलँडला मिळाली, २०१३मध्ये पिट्सबर्गच्या नदीसंगमापर्यंत गेली. ‘ग्रेट ॲलेघनी पॅसेज’ हे तिचं नाव.

असा रस्ता आज नव्याने बांधायला कुठलंच सरकार धजावणार नाही. डोंगर ओलांडायचा, पण चढ असा की सामान लादलेली सायकल साध्या माणसानेही रेटावी, हे खेचरांच्या आणि वाफेच्या इंजिनांच्या ताकदीचा हिशोब करून ठरलेलं आहे. कंबरलँडहून जलविभाजकाच्या माथ्यापर्यंत सुमारे ३८ किलोमीटरमध्ये साडेसतराशे फूट चढायचं. आगगाडीला झेपला तो चढ पायांनाही झेपतो. मात्र त्यासाठी पट्टा सलग लागतो. एक पूल पाडला, एक शेत मधे विकलं गेलं, की उरलेल्या मैलांचा उपयोग संपतो. डग्लस यांची पायपीट आणि १९७८ची खरेदी, दोन्ही वेळा वाचवली गेली ती ही सलगता.

कालव्याच्या बाजूने दर आठ-दहा किलोमीटरला तंबू ठोकायची जागा आहे आणि तिथे बहुधा हापसा. थंडीत हापसे बंद ठेवतात. बिग सॅव्हेज बोगद्याचे दरवाजेही साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत लावून घेतात, म्हणजे आत झिरपलेलं पाणी गोठून भिंती फुटत नाहीत. वॉशिंग्टनच्या आसपास राहणाऱ्या मराठी वाचकांनी ग्रेट फॉल्सचा धबधबा पाहून माघारी न फिरता एकदा वर पॉ पॉपर्यंत जावं. बोगद्यात दिवे नाहीत, बॅटरी लागतेच, आणि वाट अरुंद असल्याने सायकलवरून उतरून चालावं लागतं. पाण्याच्या बाजूला लाकडी कठडा आहे. चालताना त्यावर हात ठेवावा. बोटांना जागोजाग खोल, गुळगुळीत खाचा लागतात. खेचरांनी ओढलेल्या ओल्या दोरांनी त्या पाडलेल्या आहेत.