बॅटरीच्या पोटातला वायू

मावळात हातातल्या विजेच्या दिव्याला आजही 'बॅटरी'च म्हणतात. मळवली स्टेशनवर अंधारात उतरून भाज्यातून लोहगड-विसापूरची वाट धरायची, तर ती सोबत हवीच.

1899 साली डेव्हिड मायझेलला नळीच्या आकाराच्या दिव्याचं अमेरिकी पेटंट मिळालं. त्याच वर्षी स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने पुन्हा भरता येणारा निकेल-कॅडमियम सेल घडवला. भरताना त्यातून वायू निघे, म्हणून तो उघडा ठेवावा लागे. ऑक्सिजन आतच जिरवून तो पूर्ण बंद करणं 1947च्या सुमारास जमलं.

पत्र्याच्या बॅटरीची जुनी तक्रार एकच: 'सेलला पाणी सुटलं.' जस्ताचं कवच झिजे, आतला ओलावा पाझरे, थोडा हायड्रोजनही तयार होई. पण झाकणाच्या सैल आट्यांतून तो निघून जाई.

जलरोधक बॅटरीचं मोल मावळच्या पावसात कळतं. आट्यांजवळ रबरी कडी आली आणि पाणी थांबलं. पण आतल्या वायूची वाटही बुजली. भरलेल्या सेलांच्या रांगेत एखादा उतरलेला घातला, की तो उलटा भरला जातो आणि त्यात वायू साठू लागतो. 1991मध्ये बाजारात आलेल्या लिथियम-आयन प्रकारातल्या गोल सेलांना टोकाशी झडप असते. दाब वाढला की ती उघडते आणि सगळा वायू नळीत कोंडतो. नळी तेव्हा फुटूही शकते.

म्हणून गडाच्या वाटेला लागण्याआधी झाकण उघडून पाहावं: सेल एकाच जातीचे, एकाच वयाचे, एकत्र भरलेले आहेत ना?