एकांकिका स्पर्धा आणि नटांची निवड

मराठी हौशी रंगभूमीवर नट खुल्या चाचणीतून निवडण्याची रीत रुजवली ती आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांनी. त्याआधी नट हेरला जाई, मागून आणला जाई किंवा ओळखीतून येई. ज्याला कोणी ओळखत नाही, ज्याच्या घरात नाटक नाही, अशा मुलाने वा मुलीने नुसते जाऊन उभे राहावे आणि आपली परीक्षा घ्या म्हणावे, अशी सोय फारशी नव्हती.

विष्णुदास भावे यांनी १८४३मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केले ते राजाश्रयावर. पुढे व्यावसायिक मंडळ्या निघाल्या आणि नटाचा शोध प्रामुख्याने गळ्याचा शोध झाला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८०मध्ये पुण्यात 'शाकुंतल' उभे केले तेव्हा मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर हे गाणारे नट त्यांच्याजवळ होते. भाऊराव कोल्हटकरांचा आवाज त्यांना बडोद्यात सापडला. १९०५मध्ये नारायण राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, किर्लोस्करांच्याच मंडळीत आले तेही गळ्याच्या आणि रूपाच्या बळावर. कंपनीत घेतलेला मुलगा तिथेच राही, जेवी, वाढे. शिक्षण होई ते बिऱ्हाडातच. स्त्रियांची कामे पुरुष करत, त्यामुळे मुलींचा प्रश्नच नव्हता. या काळात छोटे नाटक होते ते फार्सच्या रूपात. मोठ्या खेळाच्या जोडीला तो दाखवला जाई आणि त्यासाठी वेगळे नट निवडण्याची गरज कोणाला वाटत नसे.

शिकलेल्या हौशी मंडळींचे क्लब याच सुमारास निघाले. पुण्याच्या भरत नाट्य संशोधन मंदिराचे मूळ १८९४मध्ये स्थापन झालेल्या स्टुडंट्स सोशल क्लबात आहे. बोलपट आल्यावर १९३०च्या दशकात संगीत नाटक मंडळ्या एकामागून एक बसल्या, आणि नवे काही करण्याचा भार अशा हौशी गटांवर आला. 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने १९३३मध्ये 'आंधळ्यांची शाळा' केले आणि त्यात ज्योत्स्नाबाई भोळे यांच्यासारख्या सुशिक्षित स्त्रिया रंगमंचावर उभ्या राहिल्या. स्वातंत्र्यानंतर १९५४मध्ये राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली. तिने गावोगावच्या हौशी संस्थांना दरवर्षी नाटक बसवण्याचे निमित्त दिले, हे तिचे मोठे काम. निवड मात्र बहुधा घरगुतीच राहिली. संस्थेचे सभासद, बँकेतले वा कारखान्यातले सहकारी, वाड्यातले शेजारी यांच्यातूनच पात्रे भरली जात, आणि नायकाची भूमिका जुन्या सभासदाकडे जाणे स्वाभाविक मानले जाई.

हे चित्र बदलायला महाविद्यालय लागले. तिथे दरवर्षी जुनी मुले बाहेर पडतात, नवी येतात. कालचा नायक पुढच्या वर्षी पात्रच राहत नाही. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३मध्ये पुरुषोत्तम करंडक सुरू केला. संस्थेचे कार्यकर्ते पुरुषोत्तम रामचंद्र तथा अप्पासाहेब वझे यांची स्मृती म्हणून हे नाव दिले गेले. राजाभाऊ नातू यांनी ही स्पर्धा वर्षानुवर्षे ज्या शिस्तीने चालवली ती शिस्तच पुढे तिची ओळख ठरली. भरत नाट्य मंदिरात ऑगस्टमध्ये प्राथमिक फेरी, मग निवडक संघांची अंतिम फेरी, प्रयोगाचा क्रम लॉट्स काढून, वेळेची मर्यादा काटेकोर आणि रंगमंचावर फक्त विद्यार्थी. पारितोषिकांतही दृष्टी आहे. पहिल्या तीन क्रमांकांबरोबरच सर्वोत्कृष्ट प्रायोगिक एकांकिकेसाठी जयराम हर्डीकर करंडक आहे, म्हणजे नीटनेटक्या प्रयोगापलीकडे जाणाऱ्या संघालाही वेगळा मान आहे.

स्पर्धेच्या तारखेवरून निवडीचे वेळापत्रक ठरले. जून-जुलैत प्रवेश होतात, वर्ग जेमतेम सुरू होतात आणि नोटीस बोर्डावर ऑडिशनचा कागद लागतो. घेणारे बहुतेक सिनिअर, त्यांच्या जोडीला नुकतेच बाहेर पडलेले माजी विद्यार्थी. उतारा वाचायला देतात, मग न ऐकलेला प्रसंग सांगून तो तिथल्या तिथे उभा करायला सांगतात. कोणाला गाता येते, कोणाला ढोलकी वाजवता येते, कोणाचे अंग चपळ आहे, हेही विचारले जाते. संहिता पुष्कळदा त्या वेळी पुरी झालेली नसते. लेखकही विद्यार्थीच असेल तर तो ऑडिशनमध्ये समोर आलेली मुले पाहून पात्रे बदलतो. एखादी मुलगी खणखणीत बोलली म्हणून दोन ओळींच्या पात्राला प्रवेश मिळतो. व्यावसायिक नाटकात सहसा संहितेसाठी नट शोधतात. इथे नटांकडे पाहून संहिता घडते. या स्पर्धांतून इतके लेखक निघाले त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

भूमिका थोड्यांनाच मिळते. उरलेल्यांपैकी बरेच जण जात नाहीत, बॅकस्टेजला राहतात. नेपथ्य ओढणे, लेव्हल ठोकणे, प्रकाशयोजनेचे क्यू लिहून घेणे, कपड्यांना इस्त्री करणे, उशिरापर्यंत चाललेल्या तालमीत चहा आणणे ही कामे ते करतात. ही दुय्यम वाट नव्हे. पहिल्या वर्षी पडदा ओढणारा तिसऱ्या वर्षी दिग्दर्शन करतो, ही अनेक महाविद्यालयांतली चालत आलेली गोष्ट आहे, आणि ऑडिशनमध्ये नाकारले जाणे म्हणजे नाटकातून बाहेर जाणे नव्हे, हा या पद्धतीतला सर्वांत चांगला भाग आहे. प्रयोगाच्या दिवशी नाट्यगृह दणाणून सोडणारी 'आव्वाज कुणाचा'ची आरोळी देणाऱ्यांत ही सगळी मुले असतात.

निवडीचा दुसरा टप्पा प्रयोगच ठरे. सतीश आळेकर विद्यार्थी असताना महाविद्यालयीन नाटकातला त्यांचा अभिनय पाहून भालबा केळकरांनी त्यांना आपल्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये बोलावले. तिथे जब्बार पटेल आणि मोहन आगाशे हे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून आलेले तरुण होते. १६ डिसेंबर १९७२ रोजी याच संस्थेने भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग केला. त्या नाटकातला गाणाऱ्या-नाचणाऱ्या माणसांचा पडदा एकट्यादुकट्या नायक नटांच्या जोरावर उभा राहिला नसता. त्याला लागणारी एकमेकांची सवय महाविद्यालयीन तालमींत लागलेली होती, असे म्हणायला जागा आहे. पुढे १९७३मध्ये याच तरुणांनी थिएटर अकादमी काढली.

पुरुषोत्तमनंतर पुण्यात फिरोदिया करंडक ही स्पर्धाही आली. त्यात नाटकाबरोबर गायन, वादन, नृत्य, चित्र अशा अनेक कला एका सादरीकरणात गुंफायच्या असल्याने निवडीचे निकषही पसरले. मुंबईत इंडियन नॅशनल थिएटरच्या, म्हणजे आयएनटीच्या स्पर्धेने तिथल्या महाविद्यालयांना असेच व्यासपीठ दिले. चतुरंग प्रतिष्ठानची 'सवाई एकांकिका' २५ जानेवारीच्या रात्री सुरू होऊन प्रजासत्ताक दिनाच्या पहाटेपर्यंत चालते. तिच्यात इतर स्पर्धांतले विजेते एकमेकांसमोर येतात. २०१४पासून 'लोकसत्ता लोकांकिका' विभागीय फेऱ्यांतून राज्यभर घेतली जाऊ लागली. पुरुषोत्तमनेही कोल्हापूर, नागपूर, औरंगाबाद, रत्नागिरी अशी केंद्रे उघडली.

केंद्रे वाढली त्याचा परिणाम भाषेवर झाला. पूर्वी ऑडिशनमध्ये उच्चार 'शुद्ध' नसणे हे बाद होण्याचे कारण ठरू शके, आणि अनेक चांगली मुले त्या एका कसोटीवर मागे राहिली. हा या परंपरेचा खरा दोष होता. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, मराठवाडी बोलीतल्या एकांकिका येऊ लागल्या तसा तोच उच्चार निवडीचा आधार झाला. बोली घरातून आलेली असेल तर ती शिकवावी लागत नाही, हे दिग्दर्शकांच्या लक्षात आले.

कोविडच्या साथीने नाट्यगृहे बंद पडली आणि त्या काळात मुलांच्या तुकड्या तालीम न पाहताच महाविद्यालयातून बाहेर गेल्या. सिनिअरकडून ज्युनिअरकडे जाणारे काम तोंडी आणि हाताने शिकवले जाते, त्यामुळे ही तूट नुसत्या एका वर्षाची राहत नाही. २०२२मध्ये स्पर्धा पुन्हा भरली, तेव्हा परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक एकाही संघाला दिला नाही. स्पर्धेच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडले. निर्णय कठोर आहे की प्रामाणिक, यावर नाट्यवर्तुळात, वृत्तपत्रांत आणि महाविद्यालयांच्या कट्ट्यांवर पुष्कळ वाद झाला. परीक्षकांचा आक्षेप एकांकिकांच्या दर्जावर होता.