१९४७ चा दुसरा बग: डीडीटी आणि न मेलेले ढेकूण

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. थोडी काटछाट केली आहे, बाकी बोललो तसंच.

मी सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे १९४७ म्हटलं की स्वातंत्र्याच्या पाठोपाठ मला आठवतो तो हार्वर्डच्या मार्क टू संगणकात सापडलेला पतंग. सप्टेंबरात तो मिळाला, नोंदवहीत टेपने चिकटवला गेला, आणि आमच्या धंद्यात ही गोष्ट प्रत्येकाला एकदा तरी ऐकावी लागते. त्याच वर्षी हवाईत, पर्ल हार्बरच्या नौदल बराकींत, दुसरा एक बग नोंदला गेला. डीडीटी मारूनही न मरणारा ढेकूण! त्याच्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

तसा ढेकूण फार जुना भाडेकरू. इजिप्तमध्ये अमार्नाला कारागिरांच्या वस्तीच्या उत्खननात त्याचे अवशेष मिळालेत, तीन हजार तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीचे. ग्रीक नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिसने त्याच्यावर विनोद केले. रोमन लेखक प्लिनीने तर सर्पदंशावर औषध म्हणून ढेकूण सुचवला (कृपया करून बघू नका). आपल्याकडे पंचतंत्रात राजाच्या पलंगावर एक ऊ आणि एक मत्कुण भेटतात. तो मत्कुण म्हणजे ढेकूणच, आणि त्याच्या उतावळेपणापायी बिचारी ऊ मरते. ढेकणाच्या संगतीने हिरा भंगतो हा दाखला तुकोबांच्या अभंगातही आहे. म्हणजे बदनामी जुनीच.

१७३० साली लंडनमध्ये जॉन साउथॉल नावाच्या माणसाने फक्त ढेकणांवर पुस्तक छापलं. जमैकात एका वृद्धाकडून आपल्याला जालीम द्रावणाची कृती मिळाली, असा त्याचा दावा. पुस्तकात ढेकणांच्या सवयी नीट लिहिल्यात, द्रावणाची कृती मात्र गुपित! पुस्तक म्हणजे खरं तर त्याच्या धंद्याची जाहिरातच.

मला जास्त अस्वस्थ करतो तो १९३० च्या दशकातला ब्रिटन. झोपडपट्ट्या पाडून लोकांना नगरपालिकेची नवी घरं मिळत होती. पण अनेक शहरांत आधी त्यांचं सामान बंद गाडीत घालून हायड्रोजन सायनाइडची धुरी द्यायचे. सामान घेऊन जाणारी ती गाडी अख्खी गल्ली बघायची. ढेकूण श्रीमंताच्या पलंगातही होते, पण धुरीची गाडी यायची ती गरिबाच्या दारात.

हे आजही तसंच चालतं. मी पूर्वी ज्या पीजीत राहायचो तिथे ढेकूण निघाले, तर मालकांनी पहिलं बोट दाखवलं स्वयंपाकाच्या मावशींकडे. त्या बिचाऱ्या आमच्या खोल्यांत कधी आल्याही नव्हत्या. बॅगा घेऊन दर महिन्याला गावोगाव फिरणारे आम्ही, आणि ढेकूण आणले मावशींनी!

आता डीडीटीकडे. ते पहिल्यांदा तयार झालं १८७४ मध्ये, पण त्याने किडे मरतात हे स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलरला १९३९ मध्ये कळलं. १९४८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. डीडीटीचं वैशिष्ट्य असं की भिंतीवर, खाटेवर एकदा मारलं की कित्येक महिने असर टिकायचा. ढेकूण रात्री बाहेर पडला की पाय लागून मरायचा. युद्धानंतर श्रीमंत देशांतली घरं अशी साफ झाली की पुढच्या पिढ्यांना ढेकूण दिसतो कसा हेच ठाऊक नव्हतं.

पण पर्ल हार्बरची नोंद नोबेलच्या आधीची आहे. थोडक्यात काय घडलं? कीटकाच्या मज्जापेशीत सोडियम आत सोडणारं एक दार असतं. डीडीटी ते उघडं अडकवून ठेवतं, मग झटके येऊन कीटक मरतो. काही ढेकणांत त्या दाराच्या रचनेतच बारीक फरक होता. डीडीटी तिथे नीट बसेना. बाकीचे मेले, हे उरले, आणि यांची पिल्लं वाढली.

खरी मेख पुढे आहे. आज दुकानातल्या बहुतेक फवाऱ्यांत पायरेथ्रॉइड असतात, आणि त्यांचा नेमही त्याच दारावर असतो. म्हणजे ज्या ढेकणाच्या पूर्वजांनी डीडीटी पचवलं, तो नवी बाटली उघडायच्या आधीच निम्मा तयार असतो. २०२३ मध्ये पॅरिसभर ढेकणांची घबराट उडाली, त्यामागे प्रवास होता, अफवाही होत्या, पण हे दारही होतं.

फवारा चालत नाही म्हणून लोक आणखी जालीम काहीतरी आणतात. इथे मी अगदी स्पष्ट बोलतो. धान्याच्या कोठीत ठेवायच्या गोळ्या किंवा शेतातलं औषध झोपायच्या खोलीत वापरू नका. त्या गोळ्यांतून फॉस्फीन वायू निघतो, तो फटींतून शेजारच्या खोलीतही जातो. त्याने लहान मुलं दगावल्याच्या बातम्या आपल्याच राज्यातून आल्या आहेत. ढेकणामुळे रोग पसरल्याचं सिद्ध झालेलं नाही. खाज सुटते, झोप जाते, पण जीव जात नाही.

मग करायचं काय? आधी खात्री करा. नुसत्या चाव्यावर जाऊ नका, काहींच्या अंगावर काहीच उठत नाही. गादीच्या शिवणीत, खाटेच्या सांध्यात, स्क्रूच्या भोकात टॉर्च मारा: काळे ठिपके, पिवळसर कात, मिलिमीटरभर पांढरी अंडी. आजीचा खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायचा उपाय शास्त्राला धरून होता, कारण पन्नास-पंचावन्न अंशांच्या पुढे अंडीही टिकत नाहीत, आणि उष्णतेविरुद्ध अशी सुटका ढेकणाला सापडलेली नाही. चादरी गरम पाण्यात धुवा, शिवणींवर हळूहळू वाफ फिरवा. नुसतं ऊन मात्र गादीच्या पोटात पोचत नाही. आणि दोन आठवड्यांनी सगळं पुन्हा करा, कारण सुटलेली अंडी तोवर फुटलेली असतात.

जाता जाता, बाल्कन देशांतला एक जुना उपाय. रात्री खाटेभोवती घेवड्याची पानं पसरायची, सकाळी ढेकणांसकट गोळा करून जाळायची. पानावरच्या सूक्ष्म आकड्या ढेकणाच्या पायात रुततात. २०१३ मध्ये अमेरिकन संशोधकांनी हुबेहूब तसं कृत्रिम पान बनवून पाहिलं. ढेकूण क्षणभर अडखळले, आणि चालत पुढे गेले.