नरक्या ऊर्फ अमृता

महिनाभर इकडे फिरकलो नाही. कारण सांगतो.

आमचं गाव नेसरी, तालुका गडहिंग्लज. नाव काढलं की लोकांना १६७४ साल आणि प्रतापराव गुजर आठवतात. माझ्या डोक्यात मात्र सध्या फक्त तात्यामामा आहे. त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर झालाय, तोही पसरलेला. केमोसाठी पुण्यात माझ्याकडेच असतो. परवा गावाकडून कुणीतरी सालीची पुडी पाठवली. मामा म्हणाला, "आजऱ्याकडच्या रानातला नरक्या हाय. कॅन्सर बरा होतोय म्हणं. काढा घेऊ काय रं?"

झालं! शनिवार-रविवार त्यातच गेला. वाचलं ते असं.

नंदुरबारला १९२५ साली जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी पुढे अमेरिकेत गेले. तिथे त्यांनी आणि मन्रो वॉल यांनी १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं काढलं. १९७२ साली गोरेगावच्या सिबा रिसर्च सेंटरमधल्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच रसायन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात सापडलं. वासामुळे नरक्या, पण याच झाडाचं दुसरं नाव अमृता!

हे काम कसं करतं? पेशीची वाढ होताना डीएनएचा पीळ सोडवावा लागतो. त्यासाठी एक एन्झाइम धागा कापतं आणि परत जोडतं. कॅम्प्टोथेसिन त्याला कापलेल्या अवस्थेतच अडकवून ठेवतं. आमच्या भाषेत, प्रोसेस हँग. पेशी मरते. गोची अशी की, निरोगी पेशींनाही हा फटका बसतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत पेशंटना ते देऊन पाहिलं, तेव्हा रक्तपेशी घसरल्या, मूत्राशयातून रक्तस्राव झाला आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या.

मग जपानमध्ये त्याच रेणूत बदल करून इरिनोटेकॅन तयार केलं. तिथे १९९४ साली त्याला परवानगी मिळाली. २०११ साली फ्रान्समधल्या चाचणीचा निकाल आला. पसरलेल्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये, इरिनोटेकॅन धरून चार औषधं एकत्र दिलेले निम्मे पेशंट ११.१ महिन्यांहून जास्त जगले. आधीच्या औषधावर हाच आकडा ६.८ होता.

म्हणजे ४५ वर्षांची खटपट आणि हाती सव्वाचार महिने. हे वाचून आधी वाईट वाटलं. मग मामाकडे पाहिलं आणि सव्वाचार महिने थोडे वाटेनात.

याच रसायनाच्या मागणीपायी सह्याद्रीत नरक्याची बेसुमार तोड आणि तस्करी झाली, तो भाग वेगळाच. असो.

रात्री मामाला केमोचा कागद दाखवला. त्यात इरिनोटेकॅन होतंच. म्हटलं, "मामा, नरक्यातलं औषध तुला मिळतंयच, मोजून-मापून. या पुडीत किती आहे, कोण सांगणार?"

मामा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हंजे झाड आमचंच, खरं बाटलीतनंच घ्यायचं!"

पुडी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. पुढची केमो बुधवारी.