शरणपूरची शाळा आणि आपली मुले

नाशिकला राहणाऱ्या माणसाला शरणपूर रोड ठाऊक नाही, असे सहसा होत नाही. शिकवणी वर्गांच्या पाट्या वाचत या रस्त्याने हजारो विद्यार्थी ये-जा करतात. परंतु ज्या शरणपूरवरून रस्त्याला हे नाव पडले, तेथे एके काळी मुलांना जगण्याचे शिक्षण देणारी एक आगळी शाळा होती, हे फार थोड्यांना माहीत असते. दहावीचा निकाल लागला की मुलाला कोणत्या शाखेला घालावे, हा प्रश्न घेऊन पालक आमच्याकडे येतात. त्या प्रश्नाला शरणपूरच्या इतिहासात काही उत्तर सापडते का, हे पाहण्याचा आमचा हा अल्प प्रयत्न.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकनजीक ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. ही संस्था अँग्लिकन पंथाची होती, आपल्या कॅथलिक परंपरेतली नव्हे. तथापि तिच्यापुढचा प्रश्न त्या काळी सर्वच मिशनांपुढे होता. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाचे घर तुटे आणि बहुधा घराबरोबर पिढीजात धंदाही सुटे. केवळ प्रार्थना शिकवून त्याचे पोट भरणार नव्हते. म्हणून शरणपुरात अक्षरओळखीबरोबर सुतारकाम आणि लोहारकाम आले.

याच शाळेत १८६०च्या सुमारास दूरदेशची मुले आली. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलामांची वाहतूक करणारी गलबते इंग्रज आरमार पकडत असे आणि सुटका झालेल्यांपैकी अनेकांना मुंबईस उतरवीत असे. आई-बाप, गाव, भाषा, सारे हरवलेली ही बालके रेव्हरंड इझेनबर्ग यांच्या देखरेखीखाली शरणपुरास वाढू लागली. हातांना हत्यार मिळाले, जिभेला इंग्रजी आणि येथल्या भाषा मिळाल्या. नावेदेखील नवी मिळाली. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन ही नावे त्यांच्या आयांनी ठेवलेली नव्हती. या शिक्षणाचा गौरव करताना ही बाजू आपण झाकून ठेवू नये. कोणत्या मुलाने काय व्हावे हे बहुतांशी मिशनच ठरवीत असे.

१८६५मध्ये प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबई इलाख्यात आला, तो पुढच्या मोहिमेसाठी माणसे जमवीत होता. शरणपूरचे नऊ तरुण स्वखुशीने त्याच्याबरोबर निघाले. १८६६मध्ये मोहीम आफ्रिकेच्या अंतर्भागात शिरली. या तरुणांविषयी लिव्हिंगस्टनचे मत सदैव अनुकूल नव्हते. आळस आणि बेशिस्तीच्या तक्रारी त्याने रोजनिशीत नोंदविल्या आहेत. काही जण वाटेत सोडूनही गेले. पुढे १८७२मध्ये शाळेचे आणखी काही विद्यार्थी त्याला जाऊन मिळाले. त्यांतच वेनराइट आणि वेलिंग्टन होते.

१ मे १८७३च्या सुमारास, आजच्या झांबिया देशातील चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी लिव्हिंगस्टनने देह ठेवला. हुकूम देणारा गेला. मागे उरलेल्या साठेक माणसांना त्याचे प्रेत तेथेच पुरून आपापल्या वाटेने जाता आले असते. त्यांना अडविणारे कोणी नव्हते. परंतु त्यांनी एकत्र बसून निर्णय घेतला, की प्रेत समुद्रकिनाऱ्यापर्यंत न्यायचे. सुसी आणि चुमा हे दोघे जुने सोबती पुढारी झाले. हृदय झाडाखाली पुरले, देह मीठ लावून उन्हात वाळविला. दफनविधीची प्रार्थना जेकब वेनराइटने वाचली, झाडाच्या बुंध्यावर नाव आणि तारीख कोरली, मृताच्या सामानाची यादीही त्यानेच लिहून काढली.

मग हजार मैलांहून अधिक अंतराची पायपीट सुरू झाली. आजारपण, उपासमार, गावकऱ्यांचा विरोध, सारे आडवे आले. उन्यानयेंबे येथे लेफ्टनंट कॅमेरॉन या इंग्रज अधिकाऱ्याची गाठ पडली. प्रेत येथेच पुरावे, असे त्याने सुचविले. त्यांनी नम्रपणे पण ठामपणे नकार दिला. फेब्रुवारी १८७४मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोहोचले. आपल्या वाचकांना सांगण्यासारखी गोष्ट अशी, की तेथे हा देह प्रथम कॅथलिक मिशनच्या आवारात, पवित्र आत्म्याच्या संघाच्या फादरांकडे ठेवण्यात आला. हे फादरही गुलामीतून सुटलेल्या मुलांना हस्तकौशल्ये शिकवीत होते. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत शरणपूरचा जेकब वेनराइट होता.

सुतारकामाच्या कोणत्या धड्यात हे शिकविले होते? करवत धरायला शिकविता येते. नेता नसताना एकमत करणे, बलिष्ठ माणसाला सभ्यपणे ‘नाही’ म्हणणे, संकटातही हिशेब चोख ठेवणे, हे वेगळे शिक्षण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात शाळांसाठी दहा जीवनकौशल्ये सांगितली. निर्णय घेणे, समस्या सोडविणे, परस्परसंबंध राखणे, ताणाला तोंड देणे ही त्यांपैकीच. शब्द नवे आहेत, पण त्यांची कसोटी चितांबोच्या गावी आधीच लागलेली होती.

कथेचा उत्तरार्ध मात्र कडू आहे. १८७५मध्ये प्राइस यांनी मोंबासानजीक फ्रियर टाऊन ही वसाहत स्थापिली. तेथे शाळा चालविण्यास, घरे बांधण्यास आणि धर्मसेवा करण्यास शरणपुरात शिकलेली माणसे गेली. त्यांतील विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर यांना १८८५मध्ये धर्मसेवेची दीक्षाही मिळाली. परंतु पगार आणि मान यांवरून युरोपीय मिशनऱ्यांशी त्यांचे खटके उडत राहिले. हुन्नर दिला, पण बरोबरीची खुर्ची देताना हात आखडला. कौशल्य देणाऱ्याने कौशल्यवंताचा मान राखला नाही, तर ते शिक्षण अपुरेच राहते.

आता आपल्या घराकडे वळू. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शाळेत कार्यानुभव असावा असे सुचविले. आपल्याकडे तो पुष्कळ ठिकाणी कागदी फुलांपुरता उरला. २०१६पासून काही वर्षे राज्यात दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेण्यात आली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसायशिक्षणाची ओळख करून द्यावी असे म्हटले आहे. हे सारे स्वागतार्ह आहे. पण चाचणीचा कागद घरी आल्यावर तो वाचतो कोण? बहुधा बाप वाचतो, काका वाचतात, शेजारी वाचतात. मुलाला विचारायचे राहून जाते. आयटीआयला जाऊ इच्छिणाऱ्या मुलाकडे कमी गुणांचा म्हणून पाहिले जाते. ज्या शहराने ओझरचा विमान कारखाना आणि सातपूरची यंत्रशाळा पाहिली, तेथे तरी हाताच्या कामाला कमी लेखणे शोभत नाही.

पालकांना आमची विनंती एवढीच. शरणपूरच्या त्या मुलांचा मार्ग आधी गुलामांच्या व्यापाऱ्यांनी ठरविला, मग आरमाराने, मग मिशनने. ज्या दिवशी त्यांनी स्वतः ठरविले, त्या दिवशीच्या कृतीने ती इतिहासात अमर झाली. आपल्या मुलांना एवढी दीर्घ प्रतीक्षा करावी लागू नये. त्यांना माहिती द्यावी, कारखाना, इस्पितळ, शेत दाखवावे, आपले अनुभव सांगावे. घरातले लहानसहान निर्णय सातवी-आठवीपासूनच त्यांच्यावर सोपवावे, म्हणजे दहावीचा मोठा निर्णय घेताना त्यांचा हात कापणार नाही. आणि मग त्यांचे उत्तर, ते आपल्या मनासारखे नसले तरी, शांतपणे ऐकून घ्यावे.