अचूक वेळ स्वस्त कशी झाली?

महागडे ऑटोमॅटिक घड्याळ घ्यावे की स्वस्त क्वार्ट्झ, असा प्रश्न पडला की मनात एक गृहीत असते: जे महाग, ते अधिक अचूक. वेळेच्या बाबतीत हे खरे नाही. शिवाय, सुरुवातीला क्वार्ट्झ घड्याळच महाग होते!

२५ डिसेंबर १९६९ रोजी सेको कंपनीने टोकियोत 'अ‍ॅस्ट्रॉन' हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले. किंमत ४,५०,००० येन. तेवढ्या पैशात तेव्हा जपानमध्ये छोटी मोटार मिळे. महिन्याला सुमारे ५ सेकंदांचा फरक, एवढीच त्याची चूक.

यामागचे विज्ञान मात्र जुने. स्फटिकावर दाब दिला की त्यावर विद्युतभार निर्माण होतो, हे झाक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवले. याच्या उलट, विद्युतदाब दिला की स्फटिकाचा आकार किंचित बदलतो. त्यामुळे योग्य मंडलात जोडलेला स्फटिक ठरावीक गतीने कंप पावत राहतो. १९२७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन यांनी यावर घड्याळ बनवले. पण निर्वात नळ्यांवर चालणारे ते घड्याळ मनगटावर मावणे शक्यच नव्हते. त्यासाठी एकात्मिक मंडलांची वाट पाहावी लागली.

ऑटोमॅटिक घड्याळात हाताच्या हालचालीने एक वजन फिरते आणि स्प्रिंगला चावी बसते. पुढे बॅलन्स व्हील डावी-उजवीकडे झुलत वेळ मोजते. बऱ्याच घड्याळांत सेकंदाला ८ टोले. घड्याळ कसे ठेवले आहे, तापमान किती, वंगण कसे, या सगळ्यांचा त्यावर परिणाम होतो. क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावते. हीच संख्या का? मुलांना ती १५ वेळा निम्मी करायला सांगा. उत्तर १ येते! घड्याळातले मंडल नेमके हेच करते आणि सेकंदाला एक स्पंद मोटरला देते.

स्वित्झर्लंडला हे तंत्र ठाऊक नव्हते असे नाही. न्यूशातेलच्या संशोधन केंद्राने १९६७ मध्येच नमुने तयार केले होते. तरीही तिथला उद्योग चाकांवर विसंबून राहिला. मंडले स्वस्त होत गेली, आणि १९७० मध्ये सुमारे ९०,००० असलेले तिथले घड्याळ-कामगार १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ एक-तृतीयांश उरले. १९८३ मध्ये अवघ्या ५१ भागांच्या, प्लॅस्टिकच्या 'स्वॉच' या क्वार्ट्झ घड्याळाने उद्योगाला हात दिला.

आपल्याकडेही हेच घडले. १९६१ पासून चावीची घड्याळे बनवणाऱ्या एचएमटीसमोर १९८७ मध्ये टायटनची क्वार्ट्झ घड्याळे उभी राहिली.

तरीही चाकांच्या घड्याळाला हिणवू नये. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यात ५ सेकंदांची चूक म्हणजे ०.००६ टक्के. निव्वळ चाके आणि स्प्रिंग यांच्या बळावर एवढी अचूकता साधणे ही मोठीच कारागिरी आहे. महाग घड्याळाची किंमत आपण या कारागिरीसाठी आणि नावासाठी मोजतो. शाळेची घंटा वेळेवर द्यायची असेल, तर स्वस्त क्वार्ट्झ पुरेसे आहे.